सवय, घाई आणि पिन

कारंजा (घाडगे) परिसरातील संत्रा बागायतदारास ‘व्यापारी’ म्हणविणारा कोणी फोन करतो : इसार पाठविला आहे, लगेच पिन टाका. वस्तुतः यूपीआयवर पैसे स्वीकारण्यास पिन लागतच नाही. पडद्यावर आलेली असते ती पैशांची मागणी. तरी सुशिक्षितही फसतो, कारण पिन टाकणे अंगवळणी पडलेले असते आणि घाईत मजकूर वाचला जात नाही. येथे उपदेश अपुरा पडतो. रचनाच बदलावी लागते. ‘एनपीसीआय’ने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधील अशा मागणीची सोय बंद केली, हे उचितच झाले. क्यूआर कोड पाठवून पिन टाकावयास लावण्याची युक्ती मात्र उरली आहे. फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर कळवावे. ग्रामसभेत हे सांगताना फसलेल्यास हसू नये. लाजेने तक्रार लांबते आणि तोवर रक्कम दुसऱ्या खात्यांत पोहोचते.