दुसरं इंजिन टाकण्याआधी

बाळा, मिस्त्रीनं "इंजिन गेलंय, दुसरं टाकूया" म्हटलं म्हणून लगेच हो म्हणू नकोस. बाबांची गाडी तुला सोडवत नाही, हे मला कळतं. पण मन असं अडकलेलं असताना घाईत हजारो रुपये जातात. म्हणून चार गोष्टी नीट सांगते.

आधी इंजिन खरंच गेलंय का, ते बघ. धूर निघाला म्हणजे इंजिन संपलं असं नसतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण ते रिंगांमधून येतंय की टर्बोच्या सीलमधून, हे आधी शोधायला हवं. पांढरा धूर आणि त्याबरोबर कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा. काळा धूर बहुतेक वेळा इंजेक्टरचा, नाहीतर हवेचा पाइप फाटल्याचा. कॉम्प्रेशन टेस्ट करायला लाव आणि चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून घे. एकाचाच आकडा पडला असेल तर दुखणं त्या सिलिंडरपुरतं आहे. चारही खाली आले असतील तर झीज आहे. गाडी चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडायला सांग. तिथून भकाभका धूर आला तर मात्र रिंगा आणि बोअर झिजलेत असं समज. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना नुसता खडखडाट होत असेल, तर ती टायमिंग चेनही असू शकते. तुझ्या गाडीत बेल्ट नाही, चेन आहे, आणि ऑइल बदलायला उशीर होत गेला की ती ताणते. चेनचं काम आणि अख्खं इंजिन यांच्या खर्चात किती अंतर आहे, ते तूच विचारून बघ.

तुझ्या स्विफ्टमधलं हे १२४८ सीसीचं डिझेल इंजिन मुळात फियाटचं. स्विफ्टमध्ये ते २००७ साली आलं, मग डिझायर, रिट्झ, अर्टिगा, टाटाची व्हिस्टा, फियाटची लिनिया अशा कितीतरी गाड्यांत बसलं. आपल्या रांजणगावलाही ते तयार व्हायचं. एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि मारुतीनं डिझेल थांबवलं. त्यामुळे जुनी इंजिनं बाजारात भरपूर आहेत. म्हणूनच कुणीतरी तुला सांगणार, "अर्टिगाचं आहे, आरामात बसतं." तिथंच थांब. स्विफ्टचं इंजिन पंचाहत्तर हॉर्सपॉवरचं, अर्टिगाचं नव्वदचं. टर्बो वेगळा, त्याला चालवणारा संगणक, म्हणजे ईसीयू, वेगळा. नट-बोल्ट जुळले म्हणून गाडी जुळत नाही. घ्यायचंच झालं तर त्याच मॉडेलचं, शक्यतो त्याच सालाच्या आसपासचं घ्यायचं आणि आपला ईसीयू, आपलं वायरिंग तसंच ठेवायचं.

आता मला सगळ्यात जास्त धास्ती आहे ती सांगते. आपण कोल्हापुरात राहतो गं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा पंचावन्न फुटांच्या वर गेली होती, आणि धोक्याची पातळी आहे ४३ फूट. नागाळा पार्कात, शाहूपुरीत दारातल्या गाड्या बुडाल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. सांगली, शिरोळकडंही तसंच. एवढ्या बुडालेल्या गाड्यांची इंजिनं कुठंतरी गेलीच ना? पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना कुणी सेल्फ मारला की पिस्टन पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कधीकधी तो इतका कमी वाकतो की पाणी काढून, ऑइल बदलून इंजिन पुन्हा सुरू होतं, गोड आवाजात चालतं, विकलंही जातं. मग घाटात कुठंतरी रॉड तुटतो आणि ब्लॉकला भोक पडतं. भंगारातलं इंजिन "फक्त साठ हजार चाललंय" म्हणून दाखवतील. ते साठ हजार कुठल्या पाण्यातून झाले, हे इंजिनावर लिहिलेलं नसतं.

तरी बघायला गेलीसच तर अल्टरनेटरच्या फटींत गाळ आहे का बघ, वायरच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखं काही चढलंय का बघ, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय आहे का बघ. चालू करून दाखवल्याशिवाय आणि कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पैसे देऊ नकोस. ते ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत आणि इंजिन नंबर लिहिलेलं बिल माग. हे कागद द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून फुकटसुद्धा घेऊ नकोस. चोरीच्या गाडीचं इंजिन असेल तर निस्तरायला तू एकटी उरशील.

कंपनीचं कोरं इंजिन मिळालं तर उत्तमच, पण पंधरा वर्षांच्या गाडीत तो खर्च बहुधा गाडीच्या किमतीला भिडतो. त्याचा विचार फार करू नकोस.

मला विचारशील तर तुझं आहे तेच इंजिन बांधून घे. त्याचा सगळा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. बाबांनी ते कधी पाण्यात घातलं नाही, सर्व्हिसची वही कपाटात आहे. आणि हे काम करून घ्यायला आपल्यासारखं गाव नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून इंजिनांचे सुटे भाग देशभर जातात. मेनन पिस्टन्स इथलीच, बेअरिंगं करणारी मेनन बेअरिंग्जही इथलीच. उद्यमनगरात बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलीत. पुण्या-मुंबईच्या माणसाला जे शोधत फिरावं लागतं, ते तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

फक्त "हाफ इंजिन करू की फुल?" या प्रश्नाला नुसतं उत्तर देऊ नकोस. हाफमध्ये काय आणि फुलमध्ये काय, हे गॅरेजागणिक बदलतं. कुणी हेड, व्हॉल्व्ह, पिस्टन-रिंगा एवढ्यावर थांबतं, कुणी क्रँक आणि बेअरिंगही धरतं. यादी लिहून घे. बोअर गेजनं मोजल्याशिवाय बोअरिंग ठरवायचं नाही. झीज झालेली असेल तर ओव्हरसाइज पिस्टन आधी आणायचे आणि त्यांच्या मापानं बोअर करायचा, उलटं नाही. हेडचं प्रेशर टेस्टिंग आणि फेसिंग करून घ्यायचं. हेडचे बोल्ट नवे, चेन आणि टेन्शनर नवे, ऑइल पंप तपासलेला. आणि इंजिन का गेलं, याचं उत्तर मिस्त्रीकडून घेतल्याशिवाय जोडणी करू देऊ नकोस. रेडिएटर तुंबलेला होता की टर्बोला ऑइल पोचत नव्हतं? कारण तसंच राहिलं तर नवे पिस्टनसुद्धा त्याच वाटेनं जातील. मशीन शॉपला तू स्वतः जा. भाऊजींना किंवा शेजारच्या काकांना पुढं करू नकोस. गाडी तू चालवतेस, तर मापं तूच बघायची. जुने पिस्टन, रिंगा परत माग. ते मागणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम जपून होतं.

कागदांचा हिशेबही इथंच लागतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे इंजिन बदललं की चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं, म्हणजे तुला ताराबाई पार्कातल्या आरटीओत जाऊन आरसीवर नवा नंबर चढवावा लागेल. विमा कंपनीलाही कळवायचं, नाहीतर अपघातानंतर पॉलिसीतला नंबर आणि गाडीतला नंबर जुळत नाही म्हणून दावा अडतो. आपलाच ब्लॉक ठेवला तर नंबर तोच राहतो आणि ही धावपळ वाचते.

तुझी गाडी २०११ ची, म्हणजे पंधरा वर्षांची नोंदणी २०२६ मध्ये संपते. "डिझेल आहे, आता बंदच होणार" असं कुणी घाबरवलं तर ऐकू नकोस. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांच्या बंदीचा आदेश दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागापुरता आहे. आपल्याकडं तपासणी करून, हरित कर भरून पुढच्या पाच वर्षांसाठी फेरनोंदणी होते. तिची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झाली आहे. म्हणून इंजिन उघडण्याआधी पत्रा आणि चासी तपासून घे. खालून गंज लागला असेल तर कितीही चांगलं इंजिन बसवलंस तरी ती तपासणीत अडकेल, आणि मग मी तुला गाडी सोडून दे असंच सांगेन. पत्रा धड असेल, तीन ठिकाणचे लेखी अंदाज घेतल्यावर खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यात बसत असेल, तर खुशाल कर. पाच वर्षं ती तुला कामावर नेईल.

गाडी हातात आली की पहिले हजार किलोमीटर जपून चालव. गगनबावड्याचा घाट नको, एकसारखा वेगही नको. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदलून घे, मगच जोतिबाचा चढ चढव आणि तापमानाच्या काट्याकडं लक्ष ठेव. पावसाळ्याआधी विम्यात इंजिन प्रोटेक्टचं कव्हर घाल. आणि शिरोलीच्या रस्त्यावर पाण्यात कधी गाडी बंद पडलीच, तर पुन्हा सेल्फ मारू नकोस. उतर, ढकलून बाहेर काढ आणि मला फोन कर.