मुंबई ते न्यूयॉर्क: किती तास, किती पैसे

मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तर हिशेबाने चौदा तास. प्रत्यक्षात थेट विमानाला जाताना पंधरा-सोळा तास लागतात, कारण पश्चिमेकडून वाहणारे उंचावरचे जोरदार वारे समोरून लागतात. येताना तेच वारे पाठीशी असल्याने तास-दीड तास वाचतो. एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असली तर वळसा पडून वेळ आणखी वाढतो.

एक थांबा घेतला की प्रवास फार लांबतो, हा समज अर्धाच खरा. लंडनमार्गे अंतर जेमतेम दोनशे किलोमीटरने वाढतं, दुबईमार्गे चारशेने. म्हणजे उडण्याचा वेळ अर्धा ताससुद्धा जास्त नाही. वेळ खातं ते मधल्या विमानतळावरचं बसणं. (सिंगापूरमार्गे मात्र जाऊ नका. ती उलटी दिशा आहे, १९,००० किलोमीटर पडतात.)

म्हणून भाड्याची तुलना तासांशी करा. समजा थेट तिकीट १,१०,००० रुपयांचं आहे, थांब्याचं ८५,००० रुपयांचं आणि थेट जाण्याने सहा तास वाचतात. म्हणजे तासाला चार हजारांहून थोडे जास्त. धडधाकट विद्यार्थ्याने ते खुशाल वाचवावेत. पण मुलांकडे पहिल्यांदाच निघालेल्या, इंग्रजीची सवय नसलेल्या आई-बाबांसाठी मी थेट विमानच घेईन. परक्या विमानतळावर पुढचं गेट शोधताना होणारी घालमेल त्या पैशांपेक्षा मोठी आहे. थांबा घ्यायचाच असेल तर अबुधाबीचा विचार करा: अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच उरकते आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर ती रांग उरत नाही. मधे किमान तीन तास ठेवा. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर हवीत. वेगवेगळी तिकिटं काढून पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसऱ्याचे पैसे बहुधा बुडतात.

तिकिटाच्या आकड्यात सगळा खर्च येत नाही. स्वस्त भाड्यात कधी २३ किलोची एकच बॅग नेता येते. दुसरीचे पैसे मिळवले की स्वस्ताई संपते. पर्यटक व्हिसाचं अर्जशुल्क १८५ डॉलर आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. पुण्याहून निघणाऱ्यांनी मुंबईच्या सहार विमानतळापर्यंतची टॅक्सी आणि तिचे चार तासही धरावेत. मे-जून आणि डिसेंबरात भाडी चढतात, फेब्रुवारीत सहसा उतरतात.

व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा. तारीखही नीट वाचा: मुंबईहून बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, पहाटे १:३० असं असेल तर विमानतळावर १४ च्या रात्रीच पोचायचं आहे.