थंडीतील बाजारफेरी : धुक्यात गाडी काढण्यापूर्वी

थंडीचे दिवस म्हणजे आपल्या धंद्याचा भर. गाद्या-रजया भरणारे पिंजारी बांधव, स्वेटर-ब्लँकेट विकणारे, कापड, बांगड्या, चपला घेऊन आठवडी बाजार करणारे, या सर्वांची वर्षाची बरीच कमाई याच दिवसांत होते. धान विकून शेतकऱ्याच्या हाती पैसा आलेला असतो. परंतु रस्त्यावरचा धोकाही याच दिवसांत वाढतो. आणि बाजार करणाऱ्याची गाडी हेच त्याचे दुकान असते. गाडी गेली की माल, भांडवल आणि कमावता माणूस, सारेच पणाला लागते.

भंडारा जिल्ह्यातील करडीचे उदाहरण घेऊ. मोहाडी तालुक्यातील हा परिसर एकीकडे वैनगंगा, दुसरीकडे कोक्याचे जंगल आणि मध्ये धानाच्या बांध्या व तलाव असा आहे. निरभ्र, लांब रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि तिच्यालगतची ओलसर हवा धुके बनते. हे धुके सगळीकडे सारखे नसते. ते सखल जागी साचते : नदीचा पूल, नाला, तलावाची पाळ. चढावर रस्ता स्वच्छ दिसतो आणि उतारावर गाडी एकाएकी पांढऱ्या भिंतीत शिरते. दृष्टी ५० मीटरच्या आत आली की हवामान खाते त्यास अतिदाट धुके म्हणते.

घाईचा हिशेब

बाजारात मोक्याची जागा मिळावी म्हणून आपण अंधारातच निघतो. याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. ताशी ६० कि.मी. वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक ते दीड सेकंद जातो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी किमान २० मीटर लागतात. माल भरलेला असेल तर त्याहून जास्त. म्हणजे एकूण ४० मीटर हवेत आणि दिसतात ३०. पुढे दिवा नसलेली तणसाची ट्रॉली उभी असेल तर टक्कर चुकत नाही. तेच ताशी ३० कि.मी. वेगाने गाडी साधारण १५ ते २० मीटरमध्ये थांबते. २५ कि.मी.च्या वाटेवर यासाठी फक्त २५ मिनिटे जास्त लागतात. डिसेंबरअखेर व जानेवारीत येथे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. फजरनंतर लगेच न निघता ऊन पडू द्यावे, हाच सर्वांत स्वस्त विमा होय.

आदल्या संध्याकाळची तयारी

पुढचे-मागचे दिवे, ब्रेकलाइट व इंडिकेटर दुसऱ्या माणसाला मागे उभे करून तपासावेत. काचा आतून-बाहेरून पुसाव्यात, वायपरचे रबर पाहावे. मालाची ताडपत्री मागच्या दिव्यांवर लोंबणार नाही असे बांधावे. गाडीच्या व ट्रॉलीच्या मागे चमकणारी पट्टी लावावी. तिचा खर्च फार नाही.

थंडीत टायरमधील हवा आकसते. तापमान १० अंशांनी उतरले तर दाब सुमारे २ पौंडांनी कमी होतो. म्हणून टायर थंड असतानाच हवा तपासावी. थंडीत बॅटरीही दुर्बल होते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा सकाळी इंजिन उठत नाही म्हणून टाकीखाली जाळ करण्याची सवय जीवघेणी आहे. तसेच बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. तिच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

रस्त्यावर

धुक्यात दिवा खालीच ठेवावा. वर केलेला प्रकाश धुक्यावर आपटून डोळ्यांत परततो. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नये, कारण आपण कोठे वळणार हे मागच्याला कळत नाही. ते थांबल्यावर लावावेत. थांबायचे तर डांबरावर नव्हे, रस्त्याच्या पूर्ण बाहेर. कोका अभयारण्य २०१३ साली जाहीर झाले. तेथून भंडाऱ्याकडे जाताना चितळ, रानडुक्कर आडवे येऊ शकतात. एक दिसले की मागे आणखी असतील असे समजून वेग कमी करावा.

मोटारसायकलवर गाठोडी नेणाऱ्यांनी हँडल वळण्यास आणि मागचा दिवा दिसण्यास अडथळा ठेवू नये. जाड लोकरी टोपीवर हेल्मेट घट्ट बसत नाही; आत पातळ कापड बांधावे.

कागद आणि मदत

थर्ड पार्टी विम्यात आपली गाडी वा आपला माल भरून मिळत नाही, हे अनेकांना अपघातानंतर कळते. पॉलिसी वाचून घ्यावी. मालाच्या टेम्पोत मागे माणसे बसवू नयेत; कायद्याने ते मना आहे आणि दावा अडकतो तो वेगळाच. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक गाडीत लिहून ठेवावेत. वाटेत जखमी दिसल्यास भिऊन पुढे जाऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

एकाच बाजाराला जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवावी, असे आम्हास वाटते : दाट धुके असेल त्या दिवशी सर्वांनी ऊन पडल्यावरच निघायचे आणि उशिरा येणाऱ्याची नेहमीची जागा इतरांनी राखायची. जागेची चिंता मिटली की घाईचे निम्मे कारण उरत नाही. एका बाजाराची बोहनी पुढच्या बाजारी भरून निघते. घरचा माणूस नाही.