वाड्यास नवे काम

खानदेशातील जुन्या घरांवर कौलांऐवजी पुष्कळदा मातीचे सपाट छत असे. त्यास धाबे म्हणतात. भिंतींवर आणि खांबांवर जाड तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्यांचा किंवा काटक्यांचा थर आणि सर्वांत वर धोपटून घट्ट केलेली माती, अशी त्याची रचना. वैशाख महिन्यात जळगाव-धुळ्याकडे ऊन असे तापते, की दुपारी रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही; पण धाब्याखालच्या माजघरात मात्र गारवा राही. रात्री घरची माणसे त्याच धाब्यावर अंथरुणे टाकीत आणि दिवसा तेथेच पापड, कुरडया व मिरच्या वाळत.

हे सुख फुकट मिळत नसे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घरातील कोणी तरी वर चढे, भेगा शोधून बुजवी, खाऱ्या मातीचा नवा थर पसरून तो धोपटी आणि पाणी वाहून नेणाऱ्या पन्हाळीत अडकलेला पालापाचोळा काढून टाकी. हे काम एक वर्ष चुकले, तर घर गळू लागे. दोन-चार वर्षे चुकले, तर काय होत असे, हे पाहण्यासारखे आहे.

घरास कुलूप लागते. पहिल्या पावसाळ्यात पन्हाळ तुंबते आणि धाब्यावर पाणी साचते. ते भेगेतून झिरपून तुळईच्या टोकाशी, म्हणजे जेथे ती भिंतीत शिरते नेमके तेथे, मुरते. लाकडाचे ते टोक भिंतीच्या आत असल्यामुळे वाळत नाही. ते हळूहळू कुजते. ओल आली, की वाळवी येते. भिंतीच्या सांदीत पिंपळाचे बी पडते आणि त्याचे कोवळे रोप उपटावयास कोणी नसते. बाहेरून पाहणाऱ्यास वाडा पूर्वीसारखाच भक्कम वाटतो. मग एखाद्या श्रावणात रात्री तुळई खाली येते आणि सकाळी लोक म्हणतात, ‘वाडा एकाएकी पडला.’ वस्तुतः तो एकाएकी पडलेला नसतो. त्याच्याकडे पाहणारे माणूस गेले, त्या दिवसापासूनच तो पडू लागलेला असतो.

म्हणून जुने घर राखावयाचे, तर त्यात पुन्हा माणसांचा वावर हवा, आणि माणसे यावयाची तर घराला काही काम हवे. कोणते काम, हा मात्र कठीण प्रश्न आहे. घर एका कुटुंबाचे असेल, तर ते कुटुंब ठरवील. पण घर साऱ्या शहराचे असेल, ते नगरपालिकेच्या मालकीचे असेल, तर त्यात काय असावे याविषयी जितकी तोंडे तितकी मते निघतात. कोणी म्हणतो शाळा, कोणी म्हणतो वाचनालय, कोणी म्हणतो कचेरी, तर कोणी म्हणतो, त्यात काहीच नको, केवळ पाहण्यासाठी ठेवावे. अशा एका घराची हकिकत पाहण्यासाठी खानदेशाबाहेर, पुण्यास जावे लागते.

पुण्याच्या सदाशिव पेठेत विश्रामबागवाडा आहे. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव याने तो बांधविला. १८०७ च्या सुमारास तो पुरा झाला आणि त्यास दोन लक्ष रुपये खर्च आला, असे सांगतात. शनिवारवाडा हा किल्ल्यासारखा, तटाबुरुजांचा. विश्रामबागवाडा त्याच्या उलट, थेट रस्त्याकडे तोंड करून उभा. त्याचा दर्शनी भाग कोरीव सागवानी लाकडाचा आहे. सुरूच्या झाडाच्या आकाराचे निमुळते खांब, त्यांच्या माथ्याशी केळफुलासारखे लोंबते नक्षीकाम आणि पुढे काढलेला सज्जा, हे पाहण्यासाठी आजही वाटसरू थांबतो.

१८१८ साली पेशवाई संपली. खानदेश आणि पुणे ही दोन्ही त्याच वर्षी इंग्रजांच्या अमलाखाली आली. बाजीराव उत्तरेकडे बिठूर येथे गेला आणि त्याचा वाडा धन्यावाचून राहिला. तो तसाच राहता तर त्याचे काय झाले असते, हे धाब्याच्या घरावरून सहज ताडता येते. परंतु तीनच वर्षांनी, १८२१ मध्ये, दक्षिणेचे कमिशनर चॅप्लिन यांनी तेथे संस्कृत पाठशाळा उघडली. पेशव्यांच्या काळी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. त्या दक्षिणेच्या रकमेतून या पाठशाळेचा खर्च चालू लागला. राजाच्या दिवाणखान्यात विद्यार्थी मांडी घालून शास्त्रे म्हणू लागले. वाड्यास काम मिळाले. पण ते काम सर्वांसाठी नव्हते. पाठशाळेत ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच प्रवेश होता. नगरातील शेतकऱ्याचा, विणकऱ्याचा किंवा महाराचा मुलगा तो कोरीव सज्जा रस्त्यावरूनच पाहू शकत होता. पुढे १८५१ मध्ये ही पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज निघाले. तेच पुढे डेक्कन कॉलेज झाले आणि १८६८ साली येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले.

यानंतर वाड्यावर मोठा घाला आला. मे १८७९ मध्ये पुण्यात एका रात्री दोन वाड्यांना आग लावण्यात आली. एक बुधवारवाडा, दुसरा विश्रामबागवाडा. दोन्हींत लाकूडच लाकूड. मे महिन्यात सुकून कोळ झालेल्या त्या जुन्या सागाला पेट घ्यावयास कितीसा वेळ लागणार? बुधवारवाडा जळून खाक झाला, तो वाडा म्हणून पुन्हा उभा राहिला नाही. विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडील भाग जळाला. दर्शनी भाग मात्र वाचला.

त्या वेळी हा वाडा पाडून मोकळी जागा करणे सोपे होते. भर वस्तीतील जागेस किंमतही चांगली आली असती. परंतु पुणेकरांनी वर्गणी जमविली, नगरपालिकेने आपला वाटा घातला आणि जळालेला भाग पुन्हा बांधून काढला. ज्या राजाने तो वाडा बांधला, तो मरून तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती आणि त्याच्याविषयी लोकांना फारसा अभिमान वाटावा असेही काही नव्हते. लोकांनी पैसे दिले ते बाजीरावासाठी नव्हेत. त्या वाड्यात शहरातील कित्येक मुले शिकली होती. तो आता पेशव्याचा राहिलेला नव्हता.

विसाव्या शतकात वाडा नगरपालिकेच्या मालकीचा झाला आणि १९३० च्या सुमारास तिची कचेरीच तेथे भरू लागली. १९५० साली पुण्याची महानगरपालिका झाली, तेव्हाही कारभार येथूनच चालला. नळपट्टी भरणारा, जन्माचा दाखला मागणारा, तक्रार घेऊन येणारा असा सर्व तऱ्हेचा माणूस आता त्या दारातून आत जाऊ लागला. पाठशाळेच्या काळी ज्यांना आत येता येत नव्हते, त्यांची नातवंडे आता वाड्यात रांगेत उभी राहू लागली.

असे असले, तरी कचेरी हे लाकडी वाड्यास मानवणारे काम नव्हे. कागद फार जड असतो. एका कपाटात रचलेल्या दप्तरांचे वजन काही माणसांइतके होते, आणि ते वजन दिवसरात्र एकाच जागी, एकाच कडीवर पडून राहते. माणसे येतात-जातात, दप्तर हलत नाही. वरच्या मजल्यावर अशी कपाटे ओळीने लागली, की तुळया मधोमध वाकू लागतात. शिवाय कचेरीस खोल्या हव्या असतात. म्हणून मोठ्या दालनात आडपडदे उभे राहतात, झरोके झाकले जातात, वारा अडतो आणि जेथे वारा अडतो तेथे ओल धरते. विजेच्या तारा लाकडावरून जातात. ज्या वाड्याने एकदा आग पाहिली, त्यास हे भय काही लहान नव्हे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस महानगरपालिका शिवाजीनगरच्या नव्या इमारतीत गेली, हे वाड्याच्या दृष्टीने बरेच झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे वाड्यात टपालकचेरी होती, शासकीय ग्रंथालय होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी महानगरपालिकेने वाड्याची दुरुस्ती हाती घेतली आणि ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ या नावाचे, शहराचा इतिहास दाखविणारे प्रदर्शन तेथे मांडले. लहान पुनवडी गावाचे मोठे नगर कसे झाले, हे चित्रांवरून आणि नकाशांवरून त्यात दाखविले होते. टपालासाठी आलेला माणूस पाच पावले पुढे गेला, तर त्यास कोरीव खांब दिसत. लाकडी वाड्यास असेच काम शोभते: माणसे पुष्कळ, ओझे थोडे.

आता पैशाचा प्रश्न. लाकडास तेल पाजावे लागते, वाळवी मारावी लागते, तुटलेली नक्षी जाणत्या सुताराकडून करवून घ्यावी लागते, आणि हे सर्व पुन्हापुन्हा. एकदा वर्गणी काढून वाडा उभा करता येतो. तो उभा ठेवावयास दरवर्षीची मिळकत लागते. ही गोष्ट खानदेशातील लोकांनी आठशे वर्षांपूर्वी ओळखली होती आणि ती दगडावर कोरूनही ठेविली होती.

चाळीसगावाच्या नैर्ऋत्येस, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी पाटण नावाचे प्राचीन गाव आहे. आज त्यास पाटणादेवी म्हणून ओळखतात. तेथे डॉ. भाऊ दाजी लाड यांना एकोणिसाव्या शतकात एक शिलालेख आढळला. तो इसवी सन १२०७ मधील दानासंबंधीचा आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ व इतर ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने पाटण येथे एक मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशातील सोइदेव या स्थानिक राजाने त्यास दान दिले. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. परंतु जेथे पैशाची आणि मालाची गोष्ट येते, तेथे लेख एकदम मराठीत बोलू लागतो. हे योग्यच आहे. कारण तो भाग पंडितांसाठी नव्हता, बाजारातील लोकांसाठी होता.

त्यात काय ठरले आहे? पाटणात जो माल विकला जाईल, त्यावरील राजाकडे जाणारी पट्टी मठास द्यावी. बाजारात माप करावयाचे ते मठाच्या मापाने करावे. आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे एक-एक पळी तेल मठास द्यावे. एका पळीने तेली गरीब होत नाही. पण घाणे चालत आहेत तोपर्यंत मठात दिवा लावावयास तेल कमी पडावयाचे नाही. राजा मोठे दान देतो आणि निघून जातो. पळीभर तेल मात्र येतच राहते. तो मठ आज चालत नाही. गावचा बाजार मोडला, घाणे थांबले. मग पळीही थांबली असणार.

जळगावातही एका जुन्या घरास असे नवे काम मिळाले आहे. त्याची मालकी शहराकडे नाही, पण ते शहराचे झाले आहे. जुन्या जळगावातील चौधरी वाडा हे कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे सासर. त्या १८८० साली जवळच्या असोदे गावी जन्मल्या, लग्न होऊन या घरी आल्या आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्या ओव्या रचीत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि घरातील माणसांनी त्या उतरून घेतल्या. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्या कविता प्रसिद्ध झाल्या आणि सारा महाराष्ट्र थक्क झाला.

या वाड्यात आज त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे. तेथे सुवर्णाची वा चांदीची वस्तू नाही. घरातील आणि शेतातील नित्याच्या वापराची साधी साधने तेथे जपून ठेविली आहेत. अशा वस्तू पुष्कळ घरांतून मोडीत गेल्या. येथे त्या कोणी टाकून दिल्या नाहीत म्हणूनच संग्रहालय होऊ शकले. पुण्याच्या वाड्यात राजाचा डामडौल आहे, तर येथे एका कष्टाळू बाईचे घर आहे. आणि खानदेशातील मुलास हे घर अधिक ओळखीचे वाटेल. त्याच्या आजीच्याही घरी असेच काही असते.

चाळीसगावातील एका घराची गोष्ट याहून वेगळी आहे. छायाचित्रकार केकी मूस यांचा जन्म १९१२ साली मुंबईस झाला. त्यांचे आईवडील चाळीसगावी येऊन व्यापार करीत. केकी इंग्लंडमध्ये कला शिकून परतले आणि त्यानंतर, १९८९ साली मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षे ते आपल्या दगडी घराच्या बाहेर क्वचितच पडले. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, त्यांवर नेमका उजेड पाडून ते अशी छायाचित्रे घेत, की पाहणाऱ्यास मोठ्या देखाव्याचा भास व्हावा. जग पाहावयास ते गेले नाहीत. त्यांनी ते टेबलावर आणले.

ज्या घराचा धनी उंबरठा ओलांडीत नव्हता, त्या घराचे दार आता सर्वांसाठी उघडे झाले आहे. त्यांच्या पश्चात एका विश्वस्त मंडळाने तेथे कलादालन केले. त्यांची छायाचित्रे, चित्रे आणि त्यांनी जमविलेल्या वस्तू तेथेच आहेत. त्या दुसरीकडे हलवून घर रिकामे केले नाही. चाळीसगावच्या रेल्वे स्थानकापासून ते दूर नाही. गाडीतून उतरलेला प्रवासी पायी चालत तेथे जाऊ शकतो.