बालवाडीचे साहित्य आणि दाराबाहेरचे मूल

बालवाडीत मुले ज्या लाकडी चौकटींवर बटणे लावायला शिकतात, त्यांचे मूळ आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १९ व्या शतकात डॉ. सेगॅं यांनी मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी असे साहित्य वापरले. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी रोममध्ये तशाच मुलांना त्यावर शिकविले आणि मग १९०७ साली ते कामकरी वस्तीतील इतर मुलांपुढे ठेवले. ज्यांच्यासाठी हे साहित्य घडले, त्यांनाच आज ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून परत पाठविलेले आम्ही पाहतो! दारातून परत जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वयोगटाला दिला. ३ ते ६ ची वर्षे निसटली. मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने अंगणवाडीतील दिव्यांग बालकांसाठी कार्यपद्धती जाहीर केली आहे. पालकांनी तिचा आधार घेऊन अंगणवाडीताईंना भेटावे.

आणि सोय म्हणजे तरी काय? कमी ऐकणाऱ्या मुलाला पुढे बसवावे, ताईंच्या तोंडावर उजेड असावा. न दिसणाऱ्याच्या हाती चित्राऐवजी खरी वस्तू द्यावी. एखाद्याला बटण लावायला महिना लागला तर लागू द्यावा. शेजारचे मूल तोवर चौकट धरून बसते, त्याला ते शिकवावे लागत नाही.