ट्रॅश रिकामा करण्याआधी

माझ्या वहीतलं वाक्य जसंच्या तसं देते. ‘गुगलवर चढलेले फोटो फोनमधून उडवले तरी गुगलवर राहतात.’ त्याखाली दोन रेघा. आणि पुढच्या ओळीत, ‘मग ट्रॅश रिकामा करायचा, जागा लगेच होते.’ तारीख १२ जुलै. ही वाक्यं माझी नाहीत. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या संगणक वर्गात शिकवायला येणाऱ्या मुलाची आहेत, आणि तो बोलत असतानाच मी ती उतरवून घेतली आहेत. ३१ वर्षं बँकेत काढली आहेत मी. समोरचा काय सांगतो ते शब्दाला शब्द लिहून घ्यायची हाताला सवय आहे.

त्या दिवशी वर्गात सगळ्यांचा एकच विषय होता, फोन भरलाय. त्याने स्वतःचा फोन भिंतीवरच्या पडद्याला जोडला, शंभर-दोनशे फोटो निवडले, उडवले आणि मग गुगल फोटोज उघडून दाखवलं, ‘बघा, इथे आहेत की नाही?’ होते. आम्ही पंधरा जणांनी आपापल्या फोनवर तेच केलं. मी २०१८ ते २०२० एवढे निवडले. आकडा वर दिसत होता, १,१४६. मग ट्रॅश. ‘काकू, घाबरू नका, दाबा बिनधास्त,’ असं तो माझ्या खांद्यामागे उभा राहून म्हणाला. हे वहीत नाही, पण कानात आहे.

दिवाळी आली. आमच्याकडे आकाशकंदील विकत आणत नाहीत. आमचे हे दरवर्षी तो घरी करायचे. २०१९च्या ऑक्टोबरात मी त्यांचा व्हिडिओ काढला होता, सात मिनिटांचा. कामट्या तासण्यापासून चारही चौकटी एकत्र आणून दोऱ्याचा वेढा कसा घ्यायचा, तिथपर्यंत. २०२१ला हे गेले. त्यानंतर दोन वर्षं कंदील लागलाच नाही. तिसऱ्या वर्षी नातवाने हट्ट धरला, म्हणून बुरूड आळीतून कामट्या आणल्या, पतंगाचे कागद आणले, खळ शिजवली. फोन गव्हाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ शोधायला लागले.

२०२१च्या खाली थेट २०१७ आलं.

पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. नातू म्हणाला, ‘आजी, नेट गेलंय का?’ नेट होतं. मी कॉम्प्युटर लावला, तिथून खातं उघडलं. तिथेही २०२१ आणि मग २०१७. खळीवर साय धरेपर्यंत मी तिथेच बसून होते. कामट्या बादलीत भिजत होत्या.

पुढच्या वर्गाला गेले. शिकवणारा मुलगा म्हणाला, ‘काकू, मी गॅलरीतून उडवा म्हणालो होतो.’ मी वही पुढे केली. त्याने वाचली आणि म्हणाला, ‘लिहिताना काहीतरी राहिलं असेल तुमचं.’ सचिवांनी त्यावर कळस चढवला: ‘अहो, तो बिचारा फुकट शिकवायला येतो. आणि या वयात होतं असं.’ ज्यांनी माझ्या शेजारी बसून तीच बटणं दाबली होती, त्यांच्यातलं एकही माणूस बोललं नाही. व्हिडिओ गेला याच्याइतकंच मला ते लागलंय, अजूनही.

चूक कुठे झाली ते मी नंतर स्वतः शोधून काढलं. त्याच्या फोनमध्ये कंपनीची गॅलरी वेगळी आणि गुगल फोटोज वेगळं आहे. गॅलरीतून उडवलं की फक्त फोनमधली प्रत जाते. माझ्या फोनमध्ये वेगळी गॅलरीच नाही, फोटो बघायला गुगल फोटोज हे एकच ॲप आहे. त्यात ‘डिलीट’ केलं की फोनमधलंही जातं आणि खात्यातलंही. फक्त फोनमधली प्रत काढायची तर त्याच ॲपमध्ये ‘जागा मोकळी करा’ हा वेगळा पर्याय आहे. आधी वर चढलेलंच तो काढतो. शिकवणाऱ्याने शिकवण्याआधी समोरच्याचा फोन एकदा हातात घेऊन बघायला नको?

म्हणून सांगते. ट्रॅशला हात लावू नका. खात्यावर चढलेला फोटो उडवला तर तो ६० दिवस तिथे पडून राहतो, परत आणता येतो. घाईने रिकामा केलात तर ते ६० दिवस तुम्ही स्वतः फाडून टाकता. आणि मोठा गठ्ठा कधीच उडवू नका. आधी एकच बिनकामाचा फोटो उडवा, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून खातं उघडा, तो तिथे आहे का बघा. दोन मिनिटं लागतात.

गेलेलं परत आणून देतो म्हणणाऱ्यांपासून सांभाळा. एका दुकानदाराने माझ्याकडून तीन हजार घेतले आणि चार दिवसांनी ‘सॉरी’ म्हणाला. हल्लीच्या फोनची आतली साठवण सांकेतिक रूपात असते, पुसलेलं सहसा हाताला लागत नाही. मेमरी कार्ड किंवा हार्ड डिस्क असेल तर आशा असते, पण मग त्यावर पुढे काहीही भरायचं नाही, तसंच काढून ठेवायचं.

व्हॉट्सॅपवर पाठवलंय म्हणजे जपलंय, असं समजू नका. तोच व्हिडिओ मी तेव्हा मुलीला पाठवला होता. त्या काळी तिथे १६ एमबीच्या वर व्हिडिओ जात नसे, म्हणून कापून पाठवला. तिच्याकडे तीन मिनिटं आहेत, तीही धुरकट. कामट्या तासताना दिसतात. वेढा घेणारे हात त्यात नाहीत. आता पाठवायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ जसं आहे तसं जातं.

हार्ड डिस्कवर घेताना कट करू नका, कॉपी करा. मग दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून बघा, टॅली झाल्याशिवाय उठू नका. एक लांब व्हिडिओ डिस्कवरून शेवटपर्यंत चालवून बघा. फोल्डरला नाव देताना वर्ष आधी, मग महिना, म्हणजे ओळीने लागतात. एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. माझी आता मुलीकडे आहे. गेलेल्या माणसाचं खातं असेल तर त्यात अधूनमधून शिरत जा, दोन वर्षं कोणी उघडलं नाही तर गुगल ते बंद करून आतलं सगळं काढू शकतं. बाकी घाई करू नका, न कळलेलं दोनदा विचारा, हे तुम्हाला माहीत आहेच.

कामट्या वाळवून माळ्यावर ठेवल्या आहेत. संघाची नवी तुकडी सोमवारपासून सुरू होतेय. ते वाक्य दुरुस्त करून फळ्यावर लिहा, एवढीच मागणी करणारं पत्र मी वहीच्या पानाच्या झेरॉक्ससह कार्यालयात दिलंय. पोच घेतली आहे. उत्तर आलेलं नाही.