पर्यटक, यात्रेकरू आणि मुक्कामाला आलेले



अजिंठ्याला जाणारी मंडळी जळगाव स्टेशनवर उतरली की आपण त्यांना सरसकट ‘टुरिस्ट’ म्हणतो. हा शब्द जरा तपासून पाहू या.

संयुक्त राष्ट्रांच्या २००८ सालच्या व्याख्येप्रमाणे, जो आपला नेहमीचा परिसर सोडून वर्षापेक्षा कमी काळ दुसरीकडे जातो, पण तिथे नोकरी-मजुरीसाठी जात नाही, तो ‘अभ्यागत’. त्यातला जो निदान एक रात्र मुक्काम करतो तोच पर्यटक. म्हणजे सकाळी जळगावहून निघून साठेक किलोमीटरवरची लेणी पाहून संध्याकाळी घरी परतणारा पर्यटक नव्हे! उलट मुक्ताईनगरहून पालखीबरोबर सुमारे महिनाभर पायी पंढरपूरला जाणारा वारकरी, हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत मुक्कामी राहणारे आपण, लग्नाला धुळ्याला आलेली मावशी, हे सारे हिशेबात पर्यटक. मावशीला हे सांगून पाहा.

खोल्या किती, बसगाड्या किती, हे ठरवायला असा हिशेब लागतोच. कशासाठी आलात, हेही त्यात विचारतात. आल्या ठिकाणी माणूस कसा वागला, याचा रकाना मात्र त्यात नसतो.

अजिंठ्याचीच दोन माणसे घ्या. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीला आला असता त्याला लेणी दिसली. गावकऱ्यांना ती ठाऊक होतीच. स्मिथने दहाव्या लेण्यात चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरली. तेव्हा तिथे मातीचा ढीग साचला होता, त्यावर तो उभा होता. म्हणून आज ते नाव आपल्या डोक्याच्याही वर दिसते. भिंतीवर नाव लिहिणारे पुढेही पुष्कळ झाले, त्यात आपलेही लोक आहेत.

दुसरा रॉबर्ट गिल. १८४४ साली त्याला भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमले. वर्षानुवर्षे खपून त्याने मोठमोठी चित्रे काढली, लंडनला पाठवली, आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत ती बहुतेक सगळी जळाली. तरी तो याच मुलखात राहिला. १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

गिल कामासाठी आला होता. त्यामुळे वरच्या व्याख्येत तो अभ्यागतही नाही, पर्यटकही नाही. आज रावेर-यावलच्या केळीबागांत बाहेरून मजुरीला येणारी कुटुंबेही त्याच रांगेत बसतात. ती पाहुण्यांत मोजली जात नाहीत आणि गावातही धरली जात नाहीत.

चर्चमध्येही तसेच होते. मिस्साला मागच्या बाकावर अनोळखी कुटुंब दिसले की आपण विचारतो, “कुठून आलात? किती दिवस आहात?” चहा देतो. पण मुलांची नावे कॅटेकिझमच्या वर्गात घाला, असे म्हणायचे राहून जाते. ‘जाणारच आहेत ना’, असे आपण धरून चालतो. चार महिने राहिले तरी सतरा रविवार होतात.